नजर काट्यावर

माझ्या मुलीला विमान चालवायला मी शिकवलं. हे वाक्य मी तीन वर्षं आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला ऐकवलंय, कुणी विचारलं नसताना. मी स्वतः विमानात कधी बसलेलो नाही. मी बॉयलर अटेंडंट. भाईंदर पूर्वेच्या एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात एकवीस वर्षं झाली. पण कॉम्प्युटरवर विमान उडवायचं तर समोर सहा डायल असतात, आणि डायल बघणं हे माझं पोट भरायचं काम. मग शिकवायला आणखी काय लागतं, असं मला वाटायचं.

त्यामुळे २००७च्या जानेवारीत संध्या फ्लाइंग क्लबातून अचानक घरी आली आणि तिनं बॅगेतून तिला शिकवणाऱ्या कॅप्टनच्या सहीचा कागद काढून माझ्या हातात दिला, तेव्हा मला राग आला तो त्या कॅप्टनचा. कागद इंग्रजीत होता. अर्थ तिनंच सांगितला. बावीस तास उड्डाण होऊनही ही विद्यार्थिनी एकटीनं विमान नेण्याच्या लायकीची झालेली नाही. हिचं डोकं सारखं कॉकपिटच्या आत असतं. ही काट्यांच्या मागे धावते, बाहेर बघत नाही. एकोणीस तारखेला शेवटची तपासणी होईल आणि तीही जमली नाही तर नाव कमी करण्यात येईल.

तिच्या बरोबरीची पोरं पंधरा-सोळा तासांत एकटी उडाली होती. क्लबाचं विमान इंजिनाच्या कामासाठी उघडून ठेवलं होतं, तेवढे दिवस उड्डाण बंद, म्हणून ती घरी आली होती. बारावीपासून ह्या एका गोष्टीसाठी तिनं दुसरं काहीही केलं नव्हतं. नाव कमी झालं तर पुन्हा कुठल्या क्लबात जागा मिळणार नाही, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती.

"गेल्या आठवड्यात दुसरं विमान समोरून क्रॉस झालं, पप्पा," ती म्हणाली. "कॅप्टननी कंट्रोल घेतला म्हणून वाचलो. मी अल्टिट्यूड बघत होते."

मी विचारलं, अल्टिट्यूड बरोबर होतं ना?

"एकदम बरोबर. हजारला हजार."

मग प्रॉब्लेम काय, असं मी विचारणार होतो. पण तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी चहाचा कप उचलून आत गेलो.

आता हे काट्यांचं प्रकरण कुठून आलं ते सांगतो. कॉम्प्युटर २००३ साली घेतला, संध्या अकरावीत असताना. स्टेशनजवळच्या दुकानदारानं जॉयस्टिकबरोबर विमानाच्या सिम्युलेटरची सीडी दिली. कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवला आणि पहिल्याच रविवारी संध्यानं जुहूहून विमान उडवून आपल्या भाईंदरवर आणलं. भाईंदरच्या जागी नुसता हिरवा चिखल होता. खाडी होती, पण पूल नव्हता, इंद्रलोक तर नव्हतंच. ती हिरमुसली. मी मात्र खालच्या डायलांकडे बघून एकदम घरी आल्यासारखा झालो. स्पीड, उंची, दिशा, चढ-उतार, सगळं काट्यात.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या शेजारी प्लास्टिकचं स्टूल टाकून बसायला लागलो. कारखान्यात दर पंधरा मिनिटांनी रीडिंग लिहितो तसं रजिस्टर आखलं. मी विचारायचो, स्पीड? ती सांगायची, पासष्ट. हाइट? सहाशे. एखादा काटा रेघभर इकडे-तिकडे झाला की मी ओरडायचो, नजर काट्यावर. तीन वर्षांत तिचं विमान माझ्या बॉयलरपेक्षा नीट चालायला लागलं. काचेच्या बाहेर काय दिसतं हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

आणि नजर काट्यावर हे नुसतं बोलणं नव्हतं, त्यामागे भिंतीवरचं घड्याळ होतं. १९९३ साली आमच्या बॉयलरमधलं पाणी कमी झालं, पाणी आटलं की वितळण्यासाठीच बसवलेला आतला धातूचा प्लग वितळला आणि वाफ भट्टीचं दार तोडून बाहेर आली. माझा डावा हात कोपरापर्यंत भाजला, तरी मी मेन व्हॉल्व्ह बंद केला. पलीकडे डाइंग खात्यात चाळीस माणसं होती. कंपनीनं सत्कार करून घड्याळ दिलं. त्यावर पितळेची पट्टी आहे, ‘कर्तव्यदक्ष श्रीपती यांस’. वैजयंतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती गोष्ट सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, त्या दिवशी माझी नजर काट्यावर होती म्हणून सगळे वाचले. संध्या हे ऐकत लहानाची मोठी झाली.

तर तो कागद वाचून झाल्यावर घरात मी एकटाच बोलत होतो. त्या कॅप्टनला मशीन कळत नाही, काटे काय शोभेला लावलेत का, वगैरे. वैजयंता स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये आया आहे. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि संध्याला विचारलं, विमानाला पुढं एवढी मोठी काच कशाला असते? संध्या म्हणाली, बाहेर बघायला. मग वैजयंता म्हणाली की आमच्याकडे पोर आणलं की मोठ्या नर्सबाई आधी पोराच्या तोंडाकडे बघतात, थर्मामीटर नंतर. पोर निपचित पडलं असेल तर थर्मामीटरनं काहीही म्हणू दे, त्या डॉक्टरला हाक मारतात. आमच्या घरात मोठं भाषण मी करतो आणि कामाचं वाक्य ती बोलते, हे जुनं आहे.

कॅप्टननं संध्याला उपाय सांगितला होता. काटे झाकायचे आणि नुसतं क्षितिज बघून उडवायचं. विमानाचं नाक क्षितिजाच्या किती खाली आहे ते बोटांनी मोजायचं. खऱ्या विमानात चार बोटं, आमच्या पंधरा इंची स्क्रीनवर दोन भरली. उतरताना धावपट्टीवरचा एक ठिपका धरायचा. तो काचेत वर सरकायला लागला तर आपण कमी पडतोय, खाली सरकला तर पुढं जातोय, आणि हलेनासा झाला तर बरोबर तिथंच टेकणार. वळायच्या आधी मान वळवून त्या बाजूला बघायचं, कोणी येतंय का. कीबोर्डवर त्यालाही बटणं होती. तीन वर्षांत ती आम्ही वापरली नव्हती.

काटे झाकायचे कशानं, ह्यावर मी पुठ्ठा कापायला घेतला. तोवर वैजयंता आतून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. तिच्या त्या मरून, सगळ्यात मोठ्या साइझच्या. एकेक सोडवून तिनं स्क्रीनच्या काचेवर दाबून बसवली. सहा डायल, सहा टिकल्या. मोजून घेतल्यासारख्या बसल्या.

पहिले चार दिवस विमान रोज आपटत होतं. संध्या उंची धरायला जायची आणि विमान डोंगर चढल्यासारखं वर जायचं, मग घाबरून खाली. धावपट्टी कधी डावीकडे राहायची, कधी पायाखालून निघून जायची. मी शेजारी स्टुलावर. मला विचारायला काही नव्हतं आणि तिला सांगायला काही नव्हतं. एकदा सवयीनं तोंडातून गेलं, स्पीड? ती म्हणाली, "पप्पा, प्लीज." मी रजिस्टर मिटून मांडीवर ठेवलं. एकवीस वर्षांत एवढा बेकार मी कधी बसलो नव्हतो. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं, जेवताना ती ताटाच्या कडेला दोन बोटं लावून बसायची. तिची मला काळजी वाटत होती आणि ह्यात माझा हात आहे हेही आतून कळत होतं, पण ते मी माझ्याशीसुद्धा कबूल करत नव्हतो.

पाचवा दिवस रविवार, संक्रांतीचा. अख्खी बिल्डिंग गच्चीवर पतंगाला. समोरच्या हंसाबेन चिक्कीचं ताट घेऊन बोलवायला आल्या, त्यांना टिकल्या लावलेला कॉम्प्युटर दिसला. "आज कंप्यूटर की पूजा है क्या?" त्यांनी विचारलं. पूजा आमच्यात नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून जास्तच गोंधळल्या. वैजयंतानं त्यांना हिंदीत सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, मग एक टिकली कमी पडली तर माझ्याकडून घेऊन जा, आणि गच्चीवर गेल्या.

आणि त्याच दुपारी चमत्कार झाला. संध्यानं विमान उडवलं, धावपट्टीभोवती चौकोनी फेरा मारला आणि ठिपक्यावर अलगद टेकवलं. परत उडवलं, परत टेकवलं. एकामागून एक सहा वेळा. वैजयंता टाळ्या वाजवत तीळगूळ आणायला आत गेली. मीही खूश झालो. पण मग मी स्क्रीनकडे बघायचं सोडून संध्याकडे बघायला लागलो.

तिची नजर सारखी वर जात होती. वळायच्या आधी वर, वळल्यावर वर, उतरताना दर दोन-चार सेकंदांनी वर. वर आकाश होतं, आकाशात बघण्यासारखं काही नसतं. चोराची पावलं चोराला ठाऊक. मी स्टुलावरून उठलो आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला लाल अक्षरांची बारीक ओळ होती. उंची, दिशा, स्पीड. कीबोर्डवरची दोन बटणं एकत्र दाबली की ती येते. ती बटणं तिला मीच दाखवली होती, २००३ साली, पुस्तिकेत वाचून.

तिनं मला बघितलं आणि ओळ घालवली. वैजयंता तीळगूळ घेऊन आली. तिनं पहिला लाडू संध्याच्या तोंडात भरवला. दुसरा मी खाल्ला.

सोमवारी माझी पहिली पाळी होती. सात वाजता बॉयलरवर गेलो आणि रोजच्यासारखी गेज ग्लास तपासली. गेज ग्लास म्हणजे बॉयलरला बाहेरून जोडलेली काचेची उभी नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पण तिची वाट गाळानं बंद झाली तर आतलं पाणी संपलं तरी नळीत मात्र ते जिथल्या तिथे दिसत राहतं. म्हणून दर पाळीला खालचा कॉक उघडायचा, नळी रिकामी करायची आणि पाणी झटकन परत येतं का ते बघायचं. आलं तर काच खरं बोलतेय. ह्याला अर्धं मिनिट लागतं. मी तो कॉक उघडला, पाणी गेलं, पाणी आलं. मग आठ तास माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

साडेतीनला घरी आलो. वैजयंता ड्यूटीवर होती. संध्या कॉम्प्युटरसमोर बसली होती, पण तो बंद होता.

मी म्हणालो, "काल लाल ओळ लावून उतरवलंस."

तिनं विचारलं, "मम्मीला सांगितलं?"

"नाही."

"एकदाच लावणार होते, चेक करायला. मग राहवलंच नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "एकोणीसला काय करणार आहे मी, पप्पा? तिथं ओळ नाहीये."

रस्ताभर मी एक भाषण तयार करत आलो होतो. खोटेपणा, मेहनत, स्वतःची फसवणूक, सगळं होतं त्यात. तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि तिच्या डोक्यावरचं ते घड्याळ दिसलं. भाषणातलं एक वाक्यही तोंडातून निघेना.

"त्या दिवशी मी काच तपासलीच नव्हती," मी म्हणालो.

तिला कळलं नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं. त्र्याण्णवच्या त्या सकाळी मी दहा मिनिटं उशिरा पोचलो होतो. डाइंगवाले वाफेसाठी खोळंबले होते. अर्ध्या मिनिटाचं काम मी सोडून दिलं आणि रजिस्टरला मात्र लिहिलं, ‘सात वाजता गेज ग्लास तपासली, ठीक.’ वाट आधीच बंद झालेली असणार. काच अर्धी भरलेली दाखवत होती, मी दर पंधरा मिनिटांनी ती बघत होतो आणि लिहीत होतो, ठीक, ठीक, ठीक. साडेनवाच्या सुमाराला आवाज बदलला. भट्टी कोरडी वाजायला लागली. तो आवाज मला नीट ऐकू आला. बॉयलरजवळ सात वर्षं काढलेल्या माणसाला तो कळतोच. पण काच अर्धी दाखवत होती. मी काचेचं ऐकलं आणि कानाला खोटं पाडलं. पंधरा मिनिटांनी प्लग गेला. चौकशीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर बघितलं, सातची नोंद बघितली, आणि लिहिलं की काच नंतर चोक झाली असावी, कामगाराची चूक नाही. व्हॉल्व्ह मी बंद केला हे खरं आहे. बाकी घड्याळ खोट्यावर मिळालं होतं.

संध्यानं मान वळवून वर घड्याळाकडे बघितलं. मग तिनं विचारलं, रजिस्टरला खोटं लिहिलं? मी हो म्हणालो. आणि घड्याळ घेतलं? हो.

"सहावीत निबंध होता, माझा आदर्श," ती म्हणाली. "मी हेच लिहिलं होतं. बाईंनी वर्गात वाचून दाखवला."

मला तेव्हा जेवढी लाज वाटली तेवढी त्या चौकशीच्या साहेबांसमोरही वाटली नव्हती. मी खाली फरशीकडे बघत बसलो. ती आता उठून जाईल असं मला वाटलं आणि गेली असती तर मी काही म्हणालो नसतो.

"आवाज आला होता, मग उठलात का नाही?" तिनं विचारलं. तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काच अर्धी दाखवत होती ना."

तिनं हळूच मान हलवली. "मलापण ते विमान दिसलं होतं, पप्पा. कडेला काहीतरी हललं होतं. मी म्हटलं, आधी अल्टिट्यूड नीट करू, मग बघू." मग ती म्हणाली, "हे मी कॅप्टनना नाही सांगितलं. त्यांना वाटतं, मला दिसलंच नाही."

मग ती उठली, आत गेली आणि माझ्या हत्यारांच्या डब्यातून काळी चिकटपट्टी घेऊन आली. ती तिनं माझ्या हातात दिली. स्क्रीनच्या वरच्या कडेला मी ती आडवी लावली, दोन पदर.

त्या संध्याकाळी वैजयंता आल्या आल्या संध्यानं तिला स्वतःच सांगून टाकलं. वैजयंतानं विचारलं, किती वेळा? सहाच्या सहा, संध्या म्हणाली. वैजयंता म्हणाली, मग माझा तीळगूळ परत दे. मग दोघी हसल्या आणि संध्या थोडी रडलीही. रडून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. आता खरं सांगायची पाळी माझी होती. मी पाणी प्यायलो आणि बाल्कनीत जाऊन कपडे वाळलेत का ते बघत उभा राहिलो. कपडे वाळलेले होते.

मंगळवारी विमान पुन्हा आपटायला लागलं, पण आता ते प्रामाणिकपणे आपटत होतं. मी स्टूल तिच्या मागे, भिंतीला लावून टाकलं, म्हणजे स्क्रीन दिसणार नाही. मला वाटलं, दिसलं नाही तर तोंडही गप्प राहील. डोळे बंद करून बसलो. आणि संध्याकाळी कधीतरी माझ्या लक्षात आलं की मला विमान कळतंय. नाक खाली गेलं की त्या दोन छोट्या स्पीकरमधून विमानाच्या पंख्याचा आवाज चढतो, नाक वर गेलं की उतरतो. ती घाबरून दांडी ओढते तेव्हा आवाज दमल्यासारखा होतो. तीन वर्षं मी आकडे ओरडत होतो, त्याखाली हा आवाज सारखा चालू होता.

"आता नाक खाली गेलं," मी मागून म्हणालो.

संध्यानं वळून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, वाजतंय कसं ते ऐक. तिनं ऐकलं. पुढचा फेरा तिनं एकदाही न बोलता मारला. बोटं क्षितिजाला, डोळे ठिपक्याला, कान पंख्याला. वळायच्या आधी डावीकडचं बटण दाबून बघायची, मग समोर, मग पुन्हा डावीकडे. डावीकडचं दृश्य आलं की डायल जायचे आणि टिकल्या तेवढ्या आकाशात लटकायच्या. त्या दिवशी चारदा नीट टेकवलं, पाचदा आपटलं. बुधवारी दुपारपर्यंत नऊपैकी सात. मी रजिस्टर आत कपाटात टाकून दिलं होतं, हे आकडे आपोआपच लक्षात राहिले.

बुधवारी संध्याकाळी तिला सोडायला मी एसटी स्टँडपर्यंत गेलो. बस लागली होती. बॅग वर टाकून ती खिडकीत बसली आणि म्हणाली, "मी मम्मीला माझं सांगितलं. तुम्ही कधी सांगणार?"

"तू पास हो. मग सांगतो," मी म्हणालो. ह्या वाक्याचा मला आजही राग येतो. पोरगी परीक्षेला चालली होती आणि मी तिच्या पदरात माझंही ओझं टाकलं. पण ती म्हणाली, चालेल, आणि बस सुटली.

शुक्रवारी एकोणीस तारीख. माझी पहिली पाळीच होती. मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवतो, त्या दिवशी खिशात ठेवला. नऊ वाजले, दहा वाजले. मी गेज ग्लास त्या सकाळी तीन वेळा तपासली. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं. पावणेअकराला फोन वाजला. मी भट्टीपासून लांब, कोळशाच्या शेडमध्ये गेलो.

ती धापा टाकत बोलत होती. कॅप्टननी चढल्या चढल्याच सगळ्या काट्यांवर रबराच्या टोप्या लावल्या होत्या. तीन फेरे झाले. दुसऱ्या फेऱ्यात उजवीकडून एक विमान येताना तिनं आधी बघितलं आणि कॅप्टनना सांगितलं. कॅप्टन म्हणाले, मलाही आत्ताच दिसलं. तिसऱ्यांदा टेकल्यावर त्यांनी धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगितलं, टोप्या काढून खिशात टाकल्या, दार उघडलं आणि उतरून गेले. चौथा फेरा तिनं एकटीनं मारला. बाजूची सीट रिकामी, असं ती दोनदा म्हणाली.

माझे डोळे भरून आले. आणि तरी तोंडातून जे गेलं ते हेच की उतरताना स्पीड किती होता?

"पहिले तीनदा माहीत नाही. झाकलेला होता."

"आणि एकटी होतीस तेव्हा?"

"एकदाच बघितला. मला वाटत होतं तेवढाच होता." मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "आणि ते क्रॉसिंगचं पण सांगितलं मी कॅप्टनना. की दिसलं होतं. उडायच्या आधीच सांगितलं. पप्पा, माझं सगळं झालं. आता तुम्ही."

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि अकराचं रीडिंग घ्यायला गेलो.

साडेतीनला घरी पोचलो तर वैजयंता अर्धी सुट्टी टाकून आलेली. संध्याचा फोन तिला आधीच आला होता. शिरा केला होता, हंसाबेनकडे वाटी देऊन झाली होती, आता ती कॉम्प्युटरवरच्या टिकल्या काढून पुन्हा पाकिटाला चिकटवत होती. एवढ्या चांगल्या टिकल्या कशाला वाया घालवायच्या, असं तिचं म्हणणं. ती सारखी हसत होती. अशी खुशीत असलेली ती मी फार दिवसांनी बघत होतो, आणि मनात आलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. अर्ध्या मिनिटाचं काम मागेही मी असंच सोडलं होतं.

मी प्लास्टिकचं स्टूल भिंतीला लावलं, वर चढलो आणि घड्याळ काढून खाली आणलं. भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा गोल राहिला. वैजयंता पाकीट हातात घेऊन बघत होती.

"अहो, आज कशाला काढताय ते? बंद पडलं का?"

"चालू आहे," मी म्हणालो. "तू जरा बस."